चार की सोळा

टिपकागदावर अंगठा टेकवून मॅडम सांगतायत, “सरळ खाली दाबायचं. अंगठा घसरला की पेशी गुंडाळल्या जातात. मग बसा दिवसभर बघत, नुसत्या लाल शेवया दिसतील.”

बावीस जणांची बॅच त्यांच्या टेबलाभोवती गोळा झालीय. मागच्यांना अंगठा दिसत नाही आणि कागदही दिसत नाही. मागची मुलं टाचा उंचावून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहेत. मॅडम अंगठा उचलतात, कागद अलगद सोलून काढतात आणि स्लाईड खिडकीकडे धरतात. काचेच्या मधोमध एक फिकट लालसर डाग. “एवढंच. ह्याच्यात सगळं आहे. चला जागेवर.”

नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. कॉलेज अनुदानित, विद्यापीठाशी संलग्न. नावाची गरज नाही, असं कॉलेज महाराष्ट्रात कुठल्याही एसटी स्टँडवर उतरलं की रिक्षावाला न विचारता दाखवतो. वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, आजचं प्रात्यक्षिक कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन. बाहेर भाद्रपदातला पाऊस, म्हणजे पडतही नाही आणि उघडतही नाही असा. मॅडमना त्याची काळजी पडलीय, कारण इथले बरेचसे मायक्रोस्कोप आरशाचे. खिडकीतून येईल तेवढा उजेड आरशानं वर पाठवायचा, की झालं. आभाळ भरलं की गुणसूत्रंही भरून येतात.

कांदे मात्र उत्तम आहेत. त्याचं श्रेय मामांचं. मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. मुलंही मामा म्हणतात, मॅडमही, प्राचार्यही. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी बाटल्यांच्या तोंडावर कांदे मांडून ठेवलेत, प्रत्येकाच्या बुडाखाली पांढऱ्या मुळांची दाढी लोंबतेय. “नवा कांदा घ्यायचा नाही,” मामा मला समजावतात, “तो झोपलेला असतो. चाळीत तीन-चार महिने पडलेला उन्हाळ कांदा घ्यायचा. बुडाची वाळकी मुळं ब्लेडनं खरवडायची. पाणी नुसतं बुडाला टेकलं पाहिजे, कांदा बुडाला की सडला. आणि पाणी रोज बदलायचं.” मुळं त्यांनी काल सकाळी आठ वाजताच कापली. दुपारी कापली तर विभाजनात सापडणाऱ्या पेशी कमी, हा त्यांचा अनुभव, आणि पुस्तकातही सकाळचीच वेळ दिलेली आहे. कापलेली टोकं एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल अशा मिश्रणात टाकून ठेवली, म्हणजे पेशी जिथं होत्या तिथंच थांबतात.

हे सगळं ज्ञान विभागाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये कुठंच नाही. तिथं मायक्रोस्कोप आहेत, स्पिरिट लॅम्प आहेत, एक बंद पडलेलं इनक्युबेटर आहे. मामांची रिटायरमेंट जवळ आलीय आणि त्यांची जागा भरली जाईल असं विभागात कुणीही धरून चाललेलं नाही.

मुलं कामाला लागतात. वॉचग्लासमध्ये मुळाची टोकं, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, स्पिरिटच्या ज्योतीवर हलकी ऊब, मग पाण्यानं धुणं. मग ॲसिटोकार्मिन. हा गडद लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात हे मॅडम मध्येच सांगून टाकतात, तेव्हा एका मुलीचा हात वॉचग्लासवरून झटकन मागे येतो. मुळाचा जो भाग सगळ्यात गडद रंगतो, शेवटचा एखाद-दोन मिलिमीटर, तेवढाच ठेवायचा. बाकीचं फेकायचं. एक मुलगा नेमकं उलटं करतो, टोक फेकून लांब मूळ ठेवतो, आणि शेजारचा त्याला कोपरानं ढोसतो.

खिडकीजवळच्या टेबलावरची मुलगी चटपटीत आहे. कव्हरस्लिप कलती टेकवून तिनं बुडबुडा येऊ दिला नाही, सुईच्या मागच्या बाजूनं टकटक केलं, टिपकागद, अंगठा, सगळं मॅडमनी दाखवलं तसं. तिच्या घरचा कांदा आहे, दोन एकर. पण कांद्याच्या मुळाकडे इतक्या जवळून बघायची वेळ घरी कधी आलेली नाही, असं ती हसून सांगते.

स्लाईड तयार झाली. आणि मग ती मायक्रोस्कोप पुढे न ओढता जर्नल ओढते. पेन्सिल काढते. प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज, चार गोल, प्रत्येक गोलात सुबक आकृती. मेटाफेजच्या गोलात मधोमध चार गुणसूत्रं, फुली मारल्यासारखी, एका रांगेत. खाली पट्टीनं रेघा, नावं.

मॅडम फिरत फिरत तिच्यामागे येऊन थांबतात.

“काय काढलंस?”

“मेटाफेज, मॅडम.”

“दिसला?”

“अजून बघितलं नाही.”

“मग काढलंस कुठून?”

मुलगी गोंधळत नाही. हा प्रश्नच तिला जरा विचित्र वाटतो. “येतं मॅडम. अकरावीपासून येतं.”

मी इकडे-तिकडे बघतो. येतं सगळ्यांनाच. बावीस जर्नलांत चार-चार गोल भरत आलेत आणि मायक्रोस्कोपला डोळा लावलेली मुलं पाच-सहा. प्रत्येक मेटाफेजमध्ये चारच गुणसूत्रं. पाठ्यपुस्तकात चार असतात, कारण चार काढणं सोपं आणि मुद्दा समजायला पुरेसं. भिंतीवरच्या छापील तक्त्यात चार. मागच्या वर्षीच्या सर्टिफाइड जर्नलमध्येही चार. कांद्याच्या पेशीत मात्र सोळा असतात, आणि हा बावीस जणांचा वर्ग ज्या गावात बसलाय तिथून लासलगावची बाजार समिती फार लांब नाही.

तक्त्याच्या शेजारी मॅडमनी एक झेरॉक्स चिकटवलीय. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८८२ सालच्या पुस्तकातली चित्रं. सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघून त्यानं पेशीविभाजनाचा क्रम लावला आणि जे दिसलं ते हातानं काढलं. त्यात सुबक काही नाही. नुसता दोऱ्यांचा गुंता. ह्या झेरॉक्सकडे मुलं बघत नाहीत, छापील तक्ता ठळक आहे.

“पेन्सिली खाली,” मॅडम म्हणतात. “आधी दहाच्या लेन्सखाली बघायचं. मग पंचेचाळीस. जर्नल मी सांगेन तेव्हा.”

आता रांग लागते. विभागात मायक्रोस्कोप चौदा आहेत, पण पंचेचाळीसची ऑब्जेक्टिव्ह नीट चालते ती नऊंची. बाकीच्या लेन्सांवर पावसाळ्यात बुरशी धरलीय, काचेच्या आत, पुसायची सोय नाही. त्यातून बघितलं की सगळं धुक्यात. बावीस मुलं, नऊ लेन्स. दहाच्या लेन्सखाली नुसत्या ओळीनं बसलेल्या पेशी आणि त्यात गडद ठिपके कळतात, पण ठिपक्यात काय आहे ते पंचेचाळीसशिवाय नाही. एक मुलगा घाईत मोठा स्क्रू फिरवतो आणि कच्च असा आवाज येतो. कव्हरस्लिप गेली. मामा मान न वळवता म्हणतात, “दोन झाल्या आज.”

मागच्या बाकावरच्या एकाला युक्ती सुचते. मोबाईलचा कॅमेरा तो डोळ्याच्या भिंगावर टेकवतो, हात स्थिर धरतो, आणि स्क्रीनवर एकदम ॲनाफेज. लख्ख, दोन बाजूंना ओढल्या जाणाऱ्या गुणसूत्रांचे दोन झुपके. मिनिटभरात फोटो वर्गाच्या ग्रुपवर, आणि अर्धा वर्ग मायक्रोस्कोप सोडून फोनमध्ये बघू लागतो. काहींच्या पेन्सिली पुन्हा उचललेल्या.

मॅडम रागावत नाहीत. फोटो बघतात, “छान आलाय” म्हणतात आणि नियम करतात. फोटो काढायला हरकत नाही, पण ज्याच्या-त्याच्या स्लाईडचा, आणि चित्राच्या बाजूला वेळ लिहायची. आता पुन्हा सगळे आपापल्या काचेकडे. मला हा नियम आवडतो. फोनवर बंदी घालून प्रयोगशाळेत काही शिस्त येत नाही, आणि दोन-अडीच मुलांमागे एक लेन्स असताना प्रत्येकाच्या खिशातला कॅमेरा वाया घालवणंही परवडणारं नाही.

एवढ्यात दार ढकलून एक तरुण सर आत येतात. गळ्यात आयकार्ड, हातात मोबाईल. “मॅडम, दोनच मिनिटं. जिओटॅग फोटो. क्रायटेरिया टू.”

मुलांना ही भाषा पाठ आहे. कोण केस सारखे करतं, कोण ॲप्रनचं बटण लावतं. सर टेबलांची रचना ठरवतात. सगळ्यांनी मायक्रोस्कोपमध्ये बघायचं, खिडकीकडचा पडदा ओढा, मागून उजेड येतोय, फोटो काळा पडतो. पडदा ओढला जातो. उजेडच बंद झाल्यामुळे आता आरशाच्या कुठल्याच मायक्रोस्कोपमध्ये काहीही दिसत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी बावीस मुलं चौदा मायक्रोस्कोपांत आळीपाळीनं एकाग्रतेनं डोळा घालतात. क्लिक. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. सर फोटो तपासतात, “व्यवस्थित” म्हणतात आणि रसायनशास्त्राकडे निघतात.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. बिचारे स्वतः भौतिकशास्त्र शिकवतात, तासिका तत्त्वावर, आणि वर आयक्यूएसीचं, म्हणजे नॅकसाठीच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम अंगावर घेतलंय. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, १९९४ साली स्थापन झालेली, मुख्यालय बंगळुरूला. तिच्याकडून दर्जा मिळवायचा तर पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे फाईल. ज्या नियमावलीवर इथल्या फाईली रचल्यात, तीत संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १००० गुण. शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापन ह्या दुसऱ्या निकषाला ३५०. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय ही साधनं चौथ्या निकषात, त्यांना १००. म्हणजे कागदावर तरी प्राधान्य बरोबर लावलंय. काय आहे ह्यापेक्षा काय शिकलं ह्याला वजन जास्त. अडचण एवढीच, की साधनांचा फोटो निघतो. शिकल्याचा काढायचा कसा?

पडदा पुन्हा सरकतो.

खिडकीजवळच्या मुलीचा फोकस ह्या गडबडीत गेलाय. ती पुन्हा दहापासून सुरुवात करते. आरसा जरा वळवते. स्लाईड डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आता तिचा चेहरा जर्नल काढतानाच्या चेहऱ्यासारखा नाही, भुवया जवळ आल्यात. मी शेजारी उभा आहे हे ती विसरलीय.

“मॅडम, बहुतेक सगळे नुसते गोळेच आहेत.”

“असणारच. बहुतेक पेशी कुठल्याही वेळी विभाजनात नसतात. शोध.”

“पुस्तकात तर सारखेसारखे चार गोल...”

“पुस्तकात जागा कमी असते. शोध.”

बराच वेळ जातो. प्रोफेज बरेच सापडतात, लोकरीचा गुंडा विसकटल्यासारखे. मग ती एकदम थांबते, बारीक स्क्रू केसभर फिरवते, आणि कुजबुजल्यासारखं म्हणते, “हे किती आहेत?”

मॅडम येतात, वाकतात. बघतात. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटू देत नाहीत. “तूच सांग. मोज.”

मुलगी मोजू लागते. बोट टेबलावर ठेवून, एकेक. नऊ. पुन्हा. अकरा. एक दोन एकावर एक चढलेत का, का तो एकच लांब आहे? पुन्हा. शेजारची मुलगी डोळा लावते आणि बारा म्हणते. मोबाईलवाला येतो, फोटो काढतो, फोटो मोठा करून तिघं मोजतात. चौदा. त्यांच्यात वाद सुरू होतो, आणि गेल्या दोन तासांत ह्या खोलीत झालेला हा पहिलाच वाद, ज्यात कुणीही पुस्तक उघडून बघत नाही.

“चार तर नाहीत नक्की,” मुलगी म्हणते. जर्नलमधल्या स्वतःच्या आकृतीकडे तिची नजर जाते. खोडरबर शोधते.

“खोडू नकोस,” मॅडम म्हणतात. “शेजारी दुसरं काढ. दिसतं तसं. वाकडं तर वाकडं.”

मग त्या सगळ्यांनाच जवळ बोलावतात. कांद्यात सोळा असतात हे सांगून टाकतात; नीट मोजायचं तर मुळं आधी कोल्चिसिनसारख्या द्रव्यात ठेवावी लागतात, म्हणजे मेटाफेज अडून राहतो, गुणसूत्रं आखूड होतात आणि सुटी पडतात. आजच्या साध्या स्लाईडमध्ये चौदापर्यंत पोचलात म्हणजे पुष्कळ. आणि ओघात गोष्ट निघते ती माणसाच्या गुणसूत्रांची. १९२३ साली थिऑफिलस पेंटर यांनी माणसात ४८ गुणसूत्रं असल्याचं सांगितलं. पुढची तीस-बत्तीस वर्षं पाठ्यपुस्तकांत ४८. लोक बघत होते, मोजत होते, आणि ४८ धरून चालत होते. १९५६ साली स्वीडनमधल्या लुंड इथून जो हिन ट्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान या दोघांचा निबंध आला, आकडा ४६. त्यातले लेव्हान मूळचे वनस्पतींच्या पेशींवर काम करणारे. कोल्चिसिनचा मुळांतल्या पेशींवर काय परिणाम होतो हे त्यांनी १९३८ साली बघितलं होतं.

“कशाच्या मुळांवर?” मॅडम विचारतात.

कुणीच बोलत नाही. मग मामाच कट्ट्याकडे हनुवटी करतात. बाटलीवरच्या कांद्याकडे.

हशा होतो. पण त्या हशात ती तिघं सामील नाहीत, त्यांचा पंधरावा सापडल्याचा दावा आहे.

तास संपतो. जर्नलं घेऊन मुलं खाली उतरतात, काही थेट एसटीकडे, काही ग्रंथालयात. मीही ग्रंथालयात डोकावतो. दारात रजिस्टर, येणाऱ्यानं सही करायची. रोज किती वाचक आले तेही पुराव्यात जातं. कपाटं जुनी, पुस्तकं बरी. मराठी विश्वकोशाचे खंड काचेआड ओळीनं. पहिला खंड १९७६चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईहून निघालेला. ‘कोशिका’ उघडून बघावं तर काचेच्या दाराला कुलूप. ग्रंथपाल किल्ली शोधून देतात, तत्परतेनं, पण किल्ली शोधावी लागते. संगणकांच्या कोपऱ्यात इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचा फलक आहे, हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं त्यातून उघडतात. एनपीटीईएलची व्याख्यानं आहेत, स्वयम्‌वरचे ऑनलाईन अभ्यासक्रम आहेत. दोन मुली विद्यापीठाच्या गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढतायत. ई-पुस्तक कुणी उघडलेलं मला दिसत नाही. पासवर्ड सगळ्यांना दिलेला आहे, असं ग्रंथपाल सांगतात, आणि ते खरंच असणार. पण इंग्रजीतलं साडेसहाशे पानांचं पेशीविज्ञान मोबाईलच्या पडद्यावर वाचायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नाही, आणि ते शिकवण्याचा तास वेळापत्रकात नाही.

दुपारी विभागाच्या खोलीत चहा. मॅडमच्या टेबलावर लॅपटॉप आणि त्यात एक्सेलचं ते प्रसिद्ध शीट. उभ्या रकान्यात मुलांची नावं, आडव्या ओळीत सीओ एक, सीओ दोन, सीओ तीन. सीओ म्हणजे हा विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय यावं ह्याची वाक्यं. पीओ म्हणजे पूर्ण पदवी घेतल्यावर काय यावं त्याची. एकाचा दुसऱ्याशी संबंध १, २ किंवा ३ नं दाखवायचा, त्याला मॅपिंग म्हणायचं. भिंतीला क्रियापदांची एक यादी डकवलीय. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली, २००१ साली तिची सुधारित आवृत्ती आली, आणि आता भारतातल्या कुठल्याही कॉलेजात सीओचं वाक्य लिहायला बसलेला प्राध्यापक ह्या यादीतून क्रियापद उचलतो. ‘समजणे’ चालत नाही, कारण समजलं हे मोजता येत नाही. ‘ओळखणे’, ‘वर्गीकरण करणे’, ‘तुलना करणे’ चालतं. ४६चा निबंधही १९५६चाच. हा योगायोग मला तिथं, चहा पिताना लक्षात येतो, आणि त्या दोन १९५६ची ह्या खोलीत गाठ पडलीय हेही.

ह्या विषयाचा तिसरा सीओ मराठीत सांगायचा तर असा: कांद्याच्या मुळाग्रातल्या विभाजनाच्या अवस्था विद्यार्थी ओळखतो आणि रेखाटतो. वाक्यात काही खोट नाही. उलट मला ते चांगलं वाटतं. अमुक प्रकरण ‘शिकवून झालं’ म्हणून हात झटकण्यापेक्षा, मुलाला काय करता यायला हवं हे आधी लिहून ठेवणं कधीही बरं. फाईलींना शिव्या घालणं सोपं आहे, प्राध्यापकांच्या बैठकीत तो आवडता खेळही आहे, पण हा एक प्रश्न ह्या फाईलींमुळेच टेबलावर आला हे मान्य करावं लागतं.

बिनसतं ते पुढे. अटेनमेंट, म्हणजे सीओ किती गाठला, हे मोजायची विभागानं ठरवलेली रीत अशी: साठ टक्के मुलांनी साठ टक्क्यांहून जास्त गुण मिळवले तर पातळी १, सत्तर टक्के मुलांनी मिळवले तर २, ऐंशी टक्के मुलांनी मिळवले तर ३. मागच्या वर्षी तिसऱ्या सीओला ३ आलाय. म्हणजे ध्येय पूर्ण, हिरवा रंग.

“कशावरून आला?” मी विचारतो.

मॅडम अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका काढतात. प्रश्न तिसरा: पेशीविभाजनाच्या अवस्थांच्या नामनिर्देशित सुबक आकृत्या काढा.

त्या काहीच बोलत नाहीत. मीही नाही. सकाळची बावीस जर्नलं आणि त्यातले चार-चार गोल आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर आहेत. ह्या प्रश्नाला गुण मिळवायला कांदा लागत नाही. लेन्स लागत नाही, मामा लागत नाहीत, सकाळी आठला मुळं कापावी लागत नाहीत. अकरावीचं पुस्तक पुरतं.

“प्रश्न मीच काढला होता,” मॅडम सांगतात, सवयीनं बोलावं तसं. “सगळीकडे हाच असतो.”

“आणि ह्या वर्षी?”

त्या लॅपटॉप माझ्याकडे वळवतात. अंतर्गत मूल्यमापनाची नवी स्लिप टाईप करून ठेवलीय. प्रत्येक मुलाला रंगवलेलं एक मूळ द्यायचं. स्लाईड त्यानं करायची. त्यातल्या कुठल्याही तीन पेशी निवडून, दिसतात तशा काढायच्या, अवस्था कुठली आणि ती कशावरून ठरवली ते एकेका ओळीत, मराठीत किंवा इंग्रजीत. परीक्षक स्वतः डोळा लावून पडताळणार. सुबकपणाला गुण नाहीत. ‘ओळखता आली नाही, कारण...’ असं कुणी लिहिलं आणि कारण बरोबर असलं तर अर्धे गुण. हे शेवटचं वाचताना मला मॅडमविषयी आदर वाटतो. दिसलं नाही असं लिहिण्याला गुण देणारी प्रश्नपत्रिका मी ह्यापूर्वी पाहिलेली नाही.

वेळ लागेल. बावीसच्या तीन बॅच, प्रत्येकाच्या स्लाईडला डोळा लावायचा म्हणजे तीन दिवस गेलेच. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास धरलेले, त्यातले हे तास कुठून काढायचे ह्याचं गणित त्यांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं मांडलंय. त्यात एक दुपार रविवारची आहे.

तरुण सर पुन्हा येतात, ह्या वेळी पेनड्राईव्ह घेऊन. अटेनमेंट शीट संध्याकाळपर्यंत हवंय. चालू वर्षाचे अपेक्षित आकडेही टाकून ठेवा म्हणतात, म्हणजे शेवटी धावपळ नको. त्यांची नजर पडद्यावरच्या स्लिपवर जाते. ते उभ्याउभ्या वाचतात, मग खुर्ची ओढून बसतात आणि पुन्हा वाचतात.

“मॅडम, ह्यानं अटेनमेंट पडेल.”

“पडेल.”

“तीनचा एक होईल.”

“होईल. कदाचित एकही नाही व्हायचा.”

सर अस्वस्थ होतात. नॅककडून तपासणीला येणाऱ्या पीअर टीमसमोर उतरता आलेख दिसला तर खुलासा द्यावा लागेल, असं ते म्हणतात; त्यांचं म्हणणं भीतीपोटी नाही, अनुभवातून आहे. मागच्या वर्षीपेक्षा आकडा खाली आला की पुढचा रकाना भरावा लागतो, ॲक्शन टेकन. काय उपाय केले. तीन आला की तो रकाना रिकामा सोडता येतो, आणि रिकाम्या रकान्याला कोणी काही विचारत नाही.

“तोच रकाना मला हवाय,” मॅडम म्हणतात. “पंचेचाळीसच्या पाच ऑब्जेक्टिव्हसाठी तीन वर्षं मागणीपत्र देतेय मी. दर वेळी विचारतात, निकाल तर चांगला लागतोय, मग गरज काय?”

सर पेनड्राईव्ह हातात फिरवत राहतात.

“मग ॲक्शन टेकनमध्ये काय लिहू?”

“लिहा, पाच लेन्स घेतल्या.”

“घेतल्या कुठं अजून?”

“म्हणून तर म्हणते, आधी एक येऊ द्या.”